एकच वाट, बारा रविवार: दुखावलेल्या मनांसाठी टेकडीवरची सोबत-फेरी कशी सुरू करावी

आई गेली ते २०२१ साल होतं, करोनाच्या साथीचं. एरवी माणूस गेलं की भेटायला येणाऱ्यांनी घर भरून जातं, ते त्या वर्षी झालंच नाही. दिवसकार्य चार माणसांत उरकलं, मावश्यांनी फोनवरच रडून घेतलं. घर खायला उठायचं, म्हणून मी सकाळी वेताळ टेकडीवर जायला लागले. पुण्यात ‘टेकडीवर जाऊन येते’ म्हटलं की कोणी कारण विचारत नाही, हीच मोठी सोय. पाषाणच्या बाजूने चढायचं, खाणीच्या काठाशी एका दगडावर बसायचं आणि परत यायचं.

तीनेक आठवड्यांनी लक्षात आलं, की पलीकडच्या दगडावर रोज त्याच वेळी एक काकू येऊन बसतात. महिनाभर आम्ही नुसती मान हलवत होतो. मग एका सकाळी त्यांनी पिशवीतून चिक्कीचा तुकडा काढून माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, “ह्यांना फार आवडायची.” त्या दिवशी आम्हाला खाली उतरायला दहा वाजले.

आमची रविवारची सोबत-फेरी त्या दगडांवरून सुरू झाली. गेल्या काही वर्षांत तिच्यात नवरा गेलेल्या बायका आल्या, मूल गमावलेली जोडपी आली, नोकरी सुटलेला मुलगा आला, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं वर्षानुवर्षं करणाऱ्या एक ताई आल्या. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. चुकतमाकत जे शिकले ते इथे सविस्तर लिहिते आहे. तुमच्या गावात टेकडी नसेल तर नदीचा घाट चालेल, तळ्याचा बांध चालेल, महानगरपालिकेची जुनी बागही चालेल.

जागा: जवळची, साधी आणि तीच ती

दुःखात असलेल्या माणसाला आपण म्हणतो, “चार दिवस कोकणात जाऊन ये, कासला फुलं आली आहेत ती बघून ये, बरं वाटेल.” हेतू चांगलाच असतो. पण लांबच्या सुंदर जागी गेलं की आनंदी दिसण्याचं ओझं येतं. फोटो काढले जातात, हसावं लागतं आणि परत आल्यावर घर आणखी रिकामं वाटतं. घराजवळची टेकडी असं काही मागत नाही. रडवेल्या चेहऱ्याने गेलात तरी चालतं. आणि तीच वाट दर आठवड्याला चालली, की माणसाच्या नकळत एक गोष्ट घडते: आपण थांबलेलो असताना आजूबाजूचं पुढे सरकताना दिसतं. फेब्रुवारीत काटेसावर लालभडक होते, मार्चमध्ये पिंपळाला तांबूस कोवळी पानं फुटतात, एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळा होतो आणि पावसाच्या तोंडावर पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडायला लागतो. ‘सगळं ठीक होईल’ हे वाक्य ऐकवत नाही अशा दिवसांत हे नुसतं पाहणं सोसवतं.

म्हणून जागा निवडताना सौंदर्य शेवटी बघा. आधी बघा ते हे, की येणाऱ्यांना पायी किंवा एका बसने पोचता येतं का. निदान पहिला अर्धा किलोमीटर सपाट आहे का. गुडघेदुखी असलेल्यांना टेकायला कट्टा, बाक किंवा बसका दगड आहे का. सावली आहे का. आणि स्वच्छतागृह कुठे आहे. हा शेवटचा मुद्दा मी पहिल्या वर्षी विसरले होते. दोन काकू सकाळपासून पाणीच न पिता येत होत्या, हे मला फार उशिरा कळलं. पायथ्याशी ओळखीचं घर किंवा मंदिराच्या आवारातली सोय आधीच विचारून ठेवा आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना मोकळेपणाने सांगा.

जागा ठरली की ती वाट तीन वेळा स्वतः चाला, ज्या वाराला आणि ज्या वेळी गट नेणार त्याच वाराला, त्याच वेळी. एकदा एकट्याने, एकदा गटातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगाने आणि एकदा दुसऱ्या सोबत्याला घेऊन. भटकी कुत्री कुठे असतात, घसरडं कुठे आहे, फोनला रेंज कुठे जाते, गाडी कुठवर येऊ शकते, हे सगळं वहीत टिपा. टेकड्यांवर एकट्यादुकट्याला लुबाडण्याचे प्रकार घडतात, त्यामुळे गट उजाडल्यावरच निघेल आणि कोणी मागे एकटं राहणार नाही, हा नियम पहिल्यापासून ठेवा.

किती वेळ?

आठवड्याला दोन तास हे माप मी धरते. २०१९मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्याला निदान १२० मिनिटं झाडापानांत घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली आणि मन समाधानी असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. हे दोन तास एका दमात घालवले की तुकड्यातुकड्यांत, याने फरक पडला नाही. अर्थात, आधीच बरं वाटत असलेली माणसं जास्त बाहेर पडतात असंही असू शकतं, त्यामुळे याला औषधाचा डोस समजू नका. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१५मध्ये एक नेमका प्रयोग केला होता. काही जणांना ९० मिनिटं झाडीतून चालवलं, काहींना रहदारीच्या रस्त्याकडेने. झाडीतून चालून आलेल्यांच्या मनात तेच तेच दुःखी विचार घोळत राहण्याचं प्रमाण कमी झालं आणि मेंदूचा त्याच्याशी जोडलेला एक भागही शांत झालेला दिसला. ज्याचं माणूस गेलंय त्याला हे ‘घोळणं’ काय असतं ते सांगायला नको: “त्या रात्री दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं असतं तर?” हा प्रश्न दिवसातून शंभरदा येतो.

आम्ही रविवारी दीड तासाची फेरी करतो. उरलेला अर्धा तास ज्याने त्याने आठवडाभरात, घराजवळच्या कुठल्याही झाडाखाली, पाच-दहा मिनिटांच्या तुकड्यांत काढायचा. उन्हाळ्यात साडेसहाला निघून आठला खाली. जानेवारीत पुण्यात सूर्यच सातनंतर उगवतो, तेव्हा साडेसात बरे. वेळ ऋतूप्रमाणे बदला, वार बदलू नका.

माणसं कशी बोलवायची

सहा ते आठ जण पुरेत. दहाच्या वर गेले की सहल होते आणि जो गप्प आहे तो आणखी गप्प होतो. नेणारी माणसं दोन हवीत, त्यांना आम्ही सोबती म्हणतो. एकाला कोणाजवळ थांबावं लागलं तर दुसरा गट पुढे नेतो. ज्याचं स्वतःचं दुःख अगदी ताजं आहे त्याने लगेच सोबती होऊ नये. काम अंगावर घेतलं की आपलं रडणं मागे ढकलता येतं, म्हणून मोह होतो. मलाही झाला होता, आणि चौथ्या महिन्यात मीच कोलमडले.

व्हॉट्सॲपवर पत्रक फिरवून दुखावलेली माणसं येत नाहीत. एकेकाला फोन करा किंवा घरी जाऊन सांगा. शब्द साधे ठेवा: “काकू, रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण टेकडीवर सावकाश फेरी मारतो. सगळ्यांचंच काही ना काही झालंय. बोललंच पाहिजे असं नाही. मी तुम्हाला न्यायला येते.” यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्यांदा घराचा उंबरा ओलांडणं हीच खरी चढण असते. नवरा गेलेल्या बाईला तर “इतक्यात बाहेर फिरायला लागली?” असं ऐकून घ्यावं लागतं, आजही. कोणी घरी येऊन तिला हाताला धरून नेलं की घरच्यांची तोंडं बंद होतात.

पुरुषांना बोलवताना मी ‘मन मोकळं करायला या’ असं म्हणत नाही. “पाय मोकळे करायला या, आणि मला पाण्याचे कॅन वर न्यायला एक माणूस हवाय,” असं म्हणते. ते खरंही असतं.

एक गोष्ट तपासून बघा: तुमची वेळ कोणाला वगळते आहे? आमच्या सोसायट्यांमधून धुणीभांडी करणाऱ्या बायकांना रविवार सकाळ कधीच मोकळी नसते. त्यांच्यातल्या दोघींनी साथीत नवरे गमावले होते. त्यांच्यासाठी आम्ही बुधवारी दुपारी चारची छोटी फेरी पायथ्याच्या बागेत सुरू केली, आणि खरं सांगते, ती रविवारपेक्षा सरस चालते. त्या एकमेकींना आधीपासून ओळखतात, एकीने हाक मारली की तिघी येतात.

फेरी प्रत्यक्षात कशी जाते

पायथ्याशी जमलो की गोल उभं राहायचं. नाव सांगायचं आणि एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: “काल झोप कशी झाली?” हा प्रश्न मी बऱ्याच प्रयोगांनंतर पक्का केला. ‘कसं वाटतंय?’ विचारलं की सगळे ‘बरंय’ म्हणतात. झोपेबद्दल मात्र माणूस खरं बोलतो, कारण त्यात काही उघडं पडल्यासारखं वाटत नाही. आणि तीनला जाग येते की पाचला, यावरून सोबत्याला बरंच कळतं. उत्तर दिलं नाही तरी चालतं. याला दहा मिनिटं.

मग वीस मिनिटं न बोलता चालायचं. फोन खिशात, आवाज बंद. घरी आजारी माणूस असेल त्याने फक्त कंपनावर ठेवावा. वेग सगळ्यात मागच्या माणसाचा. पहिल्या दिवशी हे मौन अवघड जातं म्हणून हाताला काम द्या: कानावर पडणारा प्रत्येक वेगळा आवाज बोटांवर मोजायचा. तांबटाची टुक्‌टुक्‌, सातभाईंचा कलकलाट, दूरवरून मोराची हाक, खालून येणारा बसचा हॉर्न, स्वतःची चप्पल. बसचा हॉर्नही मोजायचाच, चांगले आणि वाईट आवाज असं वेगळं करायचं नाही. बहुतेकांची सात-आठ बोटं होतात आणि तेवढा वेळ डोक्यातली घरघर थांबलेली असते.

त्यानंतर दहा मिनिटं बसणं. प्रत्येकाने दुसऱ्यापासून थोडं लांब, पण सोबत्याच्या नजरेत राहील असं बसावं. इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. योगवर्गाच्या सवयीने आपण म्हणतो, “डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या.” ज्याने जवळच्या माणसाचा श्वास थांबताना पाहिलाय त्याला डोळे मिटले की तेच दिसतं, आणि श्वासाकडे लक्ष दिलं की तेच आठवतं. आमच्याकडे एक दादा असेच घाबरून उठून उभे राहिले होते, घामाने चिंब. तेव्हापासून आम्ही डोळे उघडे ठेवतो. लांबच्या डोंगराच्या कडेवर नजर, तळपाय जमिनीला टेकलेले, हात दगडावर किंवा झाडाच्या सालीवर. साल खरखरीत आहे की गुळगुळीत, गार आहे की तापलेली, एवढंच.

मग अर्धा तास जोडीने चालायचं. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते शेजारी शेजारी चालताना बोललं जातं. डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, मध्येच गप्प झालं तरी पाय चालत असतात, वाट अरुंद झाली की बोलणं आपोआप थांबतं आणि पुढे परत सुरू होतं. पहिली पंधरा मिनिटं एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, मग उलट. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही आणि आपली गोष्ट मध्ये घालायची नाही. बोलायचं नसेल त्याने आपल्या वाट्याची पंधरा मिनिटं गप्प चालावं, दुसऱ्यानेही सोबत गप्प चालावं. आमच्यातले एक आजोबा नऊ आठवडे असेच चालले. दहाव्या आठवड्यात त्यांनी मुलाचं नाव घेतलं.

शेवटी खाली चहा. हा भाग कधीही गाळू नका. टेकडीवरून थेट रिकाम्या घरात परतणं जड जातं, मध्ये एक पायरी हवी. चहाचे पैसे आळीपाळीने द्यायची पद्धत मात्र पाडू नका, कमावता माणूस गेलेल्या घरात आठ कप चहाही डोईजड असतो. आम्ही थर्मास घरून नेतो, गूळ-शेंगदाणे कोणीतरी आणतंच.

बारा आठवडे

सुरुवातीलाच मुदत सांगा: बारा रविवार. ‘कायमचं’ म्हटलं की माणसं बिचकतात. पहिले तीन रविवार वर सांगितल्याप्रमाणे नुसती फेरी, त्यात काही भर नको.

चौथ्या रविवारी प्रत्येकाने वाटेवरचं एक झाड आपलं म्हणून निवडायचं. मोठं, देखणंच हवं असं नाही. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प पुष्कळ आहे, कोणी तेच निवडतं. एका मुलीने वणव्यात अर्धं जळालेलं झाड निवडलं आणि का ते कोणी विचारलं नाही. यानंतर बसण्याची दहा मिनिटं आपापल्या झाडापाशी. पाऊस सुरू झाला तेव्हा त्या जळक्या खोडाच्या बुंध्याशी पालवी फुटली. ती बातमी त्या मुलीने मला रात्री साडेदहाला फोन करून दिली. झाड मेलेलंच राहिलं असतं तर? तसंही होतं. एकांचं झाड वादळात पडलं. त्या पडलेल्या खोडावर आम्ही सगळे जाऊन बसलो, दुसरं काही केलं नाही, आणि ते पुरलं.

साधारण सहाव्या रविवारी, ज्याला हवं त्याने गेलेल्या माणसाची एखादी वस्तू आणावी: चष्मा, तपकिरीची डबी, पदराचा तुकडा, फोनमधला आवाज. हा दिवस जड असतो. त्या दिवशी वाट लहान ठेवा, चहा आधी द्या आणि संध्याकाळी प्रत्येकाला फोन करा.

आठव्या रविवारी हाताने काम: पाणी घालणं, प्लास्टिक वेचणं, जे त्या जागेला हवं ते. दुःखात माणूस सतत घेणाऱ्याच्या जागी असतो. लोक डबे आणतात, कागदपत्रं करून देतात, समजूत घालतात. इतक्या दिवसांनी आपल्या हातून कोणाला तरी काही दिलं गेलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

बाराव्या रविवारी फक्त विचारा, पुढे काय करू या. काही थांबतात, त्यांना हसून निरोप द्या. काही राहतात.

या सगळ्यात सोबत्याने एक वही ठेवावी. प्रत्येकाच्या जड तारखा तिच्यात लिहाव्यात: माणूस गेलं तो दिवस, त्याचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिली दिवाळी, पितृपक्षातली तिथी. वर्षश्राद्धाला नातेवाईक येतात, पण लग्नाच्या वाढदिवसाला कोणी येत नाही. आदल्या दिवशी फोन करायचा आणि “उद्या सकाळी टेकडीवर येतेस का माझ्याबरोबर?” एवढंच विचारायचं.

कोणी रडायला लागलं तर

थांबा. शेजारी बसा, समोर नको. पाण्याची बाटली हाताशी ठेवा, रुमाल लगेच पुढे करू नका. रुमाल म्हणजे ‘आता पुसून टाक’ असा त्याचा अर्थ होतो. बाकीच्यांना दुसऱ्या सोबत्याने दहा पावलं पुढे न्यावं. “देवाची इच्छा”, “सुटले बिचारे”, “तू खंबीर राहा, मुलांकडे बघ” ही वाक्यं टेकडीवर आणायची नाहीत, ती सगळ्यांनी घरी भरपूर ऐकलेली असतात. “मी इथेच आहे” हे पुरतं. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका. नाव घेतल्याने आठवण येते असं नाही, ती तर चोवीस तास असतेच.

आणि आता सगळ्यात गंभीर गोष्ट. फेरी हा सोबतीचा मार्ग आहे, उपचार नव्हे. आठवडेच्या आठवडे झोप-जेवण सुटलेलं असेल, दारू वाढली असेल, माणूस आपल्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा “मी नसते तर बरं झालं असतं” असं बोलत असेल, तर पुढच्या रविवारची वाट बघू नका. बाजूला घेऊन सरळ विचारा, “स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यायचे विचार येतात का?” विचारल्याने तसा विचार डोक्यात येतो ही समजूत चुकीची आहे, उलट विचारल्याने ओझं हलकं होतं. उत्तर ‘हो’ असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, घरच्या विश्वासातल्या व्यक्तीला कळवा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य चालते आणि तिथे मराठीतून बोलता येतं. तातडीच्या वेळी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. हे तीनही क्रमांक पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या फोनमध्ये घालून द्या, म्हणजे ते कोणा एकाकडे बोट दाखवल्यासारखं होत नाही.

वाटेवरचे धोके

उन्हाळ्यात टोपी, प्रत्येकी निदान एक लिटर पाणी आणि सोबत्याजवळ ओआरएसची पाकिटं. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवरून नेऊ नका, खाणीच्या पाण्यापासून लांब राहा. ढग गडगडले तर माथा सोडून खाली या आणि एकट्या उंच झाडाखाली थांबू नका. गवत वाढलं की बूट घाला, काठी आपटत चाला. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करायचं नाही. माणसाला शांत ठेवून, चावलेला भाग न हलवता, लवकरात लवकर रुग्णालयात न्यायचं. आग्या मोहोळ दिसलं तर वाट बदला, अत्तर लावून येऊ नका. फेब्रुवारीपासून वाळकं गवत पेटायला एक ठिणगी पुरते, म्हणून आठवणीखातर दिवा किंवा उदबत्ती लावायची इच्छा असेल तर ती खाली, घरी.

ज्यांना चढवत नाही

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून रॉजर उलरिक या संशोधकाने १९८४मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या २३ रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. नुसती खिडकी! हे वाचल्यावर मी आमच्या त्या ताईंच्या घरी गेले, सासूबाईंची कॉट भिंतीकडून काढून आम्ही खिडकीकडे फिरवली. बाहेर एक साधं बदामाचं झाड होतं. आजी आता त्याच्यावर येणारे बुलबुल मोजतात, आणि सुनेला सांगायला त्यांच्याजवळ रोज काहीतरी नवं असतं.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी फेरीतून काहीतरी न्या. तोडून नाही, खाली पडलेलं: कुसुंबाचं लाल पान, सावरीचा कापूस, पावसाळा सरल्यावर रस्त्याकडेला सडा पडलेली बुचाची फुलं. बुचाचा वास हातात दिला आणि अंथरुणावरच्या माणसाला शाळेचा रस्ता आठवला, असं मी दोनदा पाहिलंय. कुंडीतली तुळस, गोकर्णाचा वेल, सोसायटीच्या खाली दहा मिनिटं खुर्ची, हेही फेरीतच धरा.

आठवणीचं झाड लावण्याबद्दल

गट जमला की कोणीतरी म्हणतंच, “बाबांच्या नावाने एक झाड लावू या.” मी घाई करू देत नाही. आपल्याकडे रोप जगवायचं म्हणजे निदान तीन उन्हाळे पाणी घालावं लागतं. पहिल्याच मे महिन्यात बाबांच्या नावाचं झाड वाळलं, तर त्या घरावर दुसऱ्यांदा आभाळ कोसळतं. मी हे होताना पाहिलंय. शिवाय टेकड्यांवरची जमीन बहुधा वनखात्याची असते, तिथे परवानगीशिवाय खड्डा खणायचा नाही. आणि माळावरचं गवत म्हणजे मोकळी जागा नव्हे. माळटिटवी, चंडोल यांचं ते घर आहे, तिथे झाडं दाटवली की ते पक्षी जातात.

त्यापेक्षा आहे त्या झाडाची काळजी घ्या. लग्नाच्या मांडवासाठी ठोकलेले खिळे काढा, बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडून आळं करून घेण्यासाठी महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा, कोणी लावून विसरलेल्या रोपाला उन्हाळाभर पाणी घाला. लावायचंच असेल तर जागा, परवानगी आणि पाणी घालणाऱ्यांची आठवड्याची पाळी या तीन गोष्टी कागदावर आल्यावर पावसाच्या सुरुवातीला वड, उंबर, करंज, कडुनिंब असं इथलं काहीतरी लावा. नावाची पाटी मात्र रोप कमरेइतकं झाल्यावर.

मावळ, मुळशी, भीमाशंकरच्या बाजूला ज्यांचं गाव आहे त्यांच्याकडे देवराई असते. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात या राया हिंडून त्यांच्या नोंदी केल्या. गावाने पिढ्यान्‌पिढ्या जिथली काडीही तोडली नाही असं रान दुःखात फार आसरा देतं. पण ती गावाची आणि देवाची जागा आहे. गुरवाला किंवा गावातल्या जाणत्या माणसाला विचारून जा, तिथे चपला काढायची रीत असेल तर काढा, आणि येताना पानही घेऊन येऊ नका. गट मोठा असेल तर नेऊच नका.

पहिल्या रविवारी कोणीच आलं नाही तर

आमच्याकडे पहिल्या रविवारी दोघी होतो, दुसऱ्या रविवारी मी एकटी. सहा जणांनी “येते” म्हणून सांगितलं होतं. दुःखातलं माणूस रात्री ठरवतं आणि सकाळी त्याला उठवत नाही. रागावू नका, “वाट बघत होतो” असंही कळवू नका. ठरलेल्या जागी पंधरा मिनिटं थांबा, मग एकट्यानेच पूर्ण फेरी करा, बोटांवर आवाज मोजा, दहा मिनिटं बसा. खाली आल्यावर सहाही जणांना एकेक ओळ पाठवा: “आज पळस फुललाय. पुढच्या रविवारी याच वेळी मी पायथ्याशी आहे.” आणि पुढच्या रविवारी त्याच वेळी तिथे जा.